पुष्पाची सही

१२ डिसेंबर, मंचर

दिल्लीच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी संस्थेच्या मोरीत चहाचे कप विसळत होते. फेसाच्या हाताने फोन उचलला आणि ऐकलं, की यंदा न्यूयॉर्कला मी जायचंय. हातातला कप फुटला. आतून ऑफिसातली रत्ना ओरडली, "काय झालं बाई?" म्हटलं, काही नाही, माझं नाव लागलं.

तिथे दर मार्चला संयुक्त राष्ट्रांची बायकांच्या प्रश्नांवरची मोठी बैठक भरते. देशोदेशीची सरकारं आत बसतात आणि आमच्यासारख्या संस्था बाहेरून धक्के देत राहतात, की ठरावात हे घाला, ते गाळू नका. या मॅडम चालवतात त्या आमच्या संस्थांच्या नेटवर्कने यंदा जमिनीचा विषय लावून धरलाय, बापाच्या जमिनीतला मुलीचा वाटा. अठरा वर्षं मी जुन्नर आणि आंबेगावच्या गावांतून हेच बोलत फिरते आहे. याआधी दोनदा माझं नाव यादीतून गळलं. एकदा इंग्रजीमुळे, आणि एकदा का ते अजून कळलेलं नाही. त्यामुळे आज आनंद झाला हे कबूल करायला लाज कसली!

मॅडम म्हणाल्या, रोजचं लिहून ठेवा, अहवालाला उपयोगी पडेल. ही वही मात्र अहवालाची नाही. अहवालात मी नेहमी शहाणीच असते.

आणखी एक म्हणाल्या. आकडे सगळेच आणतात, एक जिवंत उदाहरण आणा. सही न केलेली बाई.

१५ डिसेंबर

उदाहरण आपल्या पायांनी चालत आलं.

लोणीची पुष्पा. वय चाळीसच्या आसपास, मेंढपाळ घरातली, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आठ मेंढरं आणि लोकांच्या शेतातली खुरपणी यावर घर चालतं. मुलगी प्रांजल अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. आईला आमच्याकडे तिनेच पाठवलं. पुष्पाचं माहेर पिंपळवंडी. बाप राघू दोन वर्षांपूर्वी वारला आणि वारसनोंदीत आई तुकाबाई, भाऊ गोरक्ष आणि पुष्पा अशी तिघांची नावं लागली. आता गोरक्ष हक्कसोडपत्र करून मागतोय.

इथे हे सगळ्या घरांत असंच होतं. बाप गेला की कायद्याने बहिणीचं नाव सातबाऱ्यावर येतं आणि थोड्याच दिवसांत भाऊ कागद पुढे करतो. बहिणीने कचेरीत सही केली की तिचं नाव निघतं. माहेर मात्र राहतं. भाऊबीज, साडीचोळी, आजारपणात चार दिवस टेकायची जागा. नाही केली तर कायदा तिच्या बाजूने, बाकी कोणी नाही.

पुष्पा खुर्चीच्या कडेवर बसली होती. म्हणाली, "ताई, सही केली तर काय व्हतं आन न्हाई केली तर काय व्हतं, एवढंच इचारायला आले."

मी तिला तीन तास समजावलं. कलमं सांगितली, नकाशा काढून दाखवला, कालव्याखालची जमीन आहे म्हटलं, उद्या प्रांजलच्या पाठीशी काही नको का? ती सगळ्याला मान हलवत होती. मध्येच म्हणाली, "पर आय हाय ना तिथं." मी म्हटलं, आईला भेटायला कोण अडवतंय?

जाताना म्हणाली, "तुमी म्हणता तर न्हाई करत सही." रजिस्टरला मी लिहिलं: ठाम नकार.

४ जानेवारी

लोणीला जाऊन पुष्पाचा व्हिडिओ केला. मॅडमनी सांगितलंय, चेहरा दिसता कामा नये, आवाजही बदलू, नाव-गाव काहीच नको. या बाबतीत मी फार काटेकोर आहे. तिला कॅमेऱ्याकडे पाठ करून बांधावर बसवलं. नुसती पाठ फार रिकामी दिसायला लागली, म्हणून रत्ना म्हणाली, एखादी मेंढी घ्या की जवळ. पुष्पाने हाक मारली आणि एक पांढरी मेंढी येऊन तिच्या मांडीला घासत उभी राहिली. काय सुंदर चित्र दिसलं! ही मेंढी तिला बापाने लग्नात दिलेल्या मेंढीच्या वंशातली. पुष्पा तिच्या कानामागे खाजवत बोलत राहिली. दहा मिनिटं बोलली आणि एकदाही अडखळली नाही.

संमतीच्या कागदावर तिने सही केली. अक्षर जोडून जोडून, प्रांजलने शिकवलेली.

मग चहा ठेवता ठेवता विचारलं, "ताई, तुमी घेतला का तुमचा वाटा?"

"माझं वेगळं आहे," मी म्हटलं.

वेगळं काय आहे? घोडेगावला दोन भावांच्या मध्ये बसून मी सही केली आणि वर पेढा खाल्ला. याला चौदा वर्षं झाली. म्हणजे संस्थेत लागल्यावर चार वर्षांनी. आमच्या यांची मास्तरकी होती, मला गरज नव्हती, आणि वहिनीच्या हातची पुरणपोळी मला सोडवत नव्हती. रत्नालाही हे माहीत नाही. वहीत लिहायला हरकत नाही.

२३ जानेवारी

मुंबईला जाऊन व्हिसाची मुलाखत देऊन आले. काचेपलीकडच्या मुलीने विचारलं, तिथे जाऊन काय करणार? म्हटलं, बोलणार. ती हसली आणि पासपोर्ट ठेवून घेतला. मिळाला!

९ फेब्रुवारी

व्हिडिओ आज नेटवर्कच्या पानावर चढला. तीन मिनिटांचा झालाय, खाली हिंदी आणि इंग्रजी अक्षरं. मला आधी बघायला पाठवला होता. पुष्पा म्हणाली होती, "सही न्हाई केली तर भाऊ दार लावील, याचं भ्या वाटतं." खाली आलंय, भावाने दार लावलं. मी मॅडमना म्हटलं, थोडा फरक पडतोय. त्या म्हणाल्या, तीन मिनिटांत 'वाटतं' आणि 'भीती' कुठे बसवायची? मलाही पटलं. लावणारच होता की तो.

संध्याकाळपर्यंत बारा हजार लोकांनी पाहिला. आमच्या यांनी पाचदा पाहिला आणि विचारलं, यात तू कुठे आहेस?

१३ फेब्रुवारी

सकाळी पुष्पाचा फोन. "ताई, दादानं वळखलं."

मी म्हटलं, शक्यच नाही. चेहरा नाही, आवाज नाही.

"मेंढीचा कान दिसला की."

मला काही कळेना. तेव्हा तिने समजावलं, पोराला समजवावं तसं. मेंढपाळांत प्रत्येक घराची कानाची खूण वेगळी असते. कोकरू महिन्याचं झालं की कानाला खाच पाडतात, म्हणजे कळप मिसळले तरी कोणाचं जनावर ते कळतं. राघूच्या घराची खूण म्हणजे उजव्या कानाला पुढून दोन खाचा आणि डाव्याचं टोक छाटलेलं. लग्न होऊन बावीस वर्षं झाली तरी पुष्पा बापाने दिलेल्या मेंढ्यांच्या वंशाला बापाचीच खूण पाडत आली. राघूची खूण चालवणारी लोणीत दुसरी कोण आहे? व्हिडिओ त्यांच्या समाजाच्या ग्रुपवर गेला आणि पहिल्याच म्हाताऱ्याने सांगितलं, ही राघूची पोर.

"तुला आधी लक्षात नाही आलं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"आलं व्हतं. कान मोप दिसतोय म्हनलं. पर तुमी म्हनलात अमेरिकेला दावायचाय. तिथल्या लोकास्नी कानाचं काय कळतंय?"

मी कांदा-बटाट्याच्या घरातली. अठरा वर्षं या गावांतून फिरले, शेकडो मेंढरं रस्त्यात आडवी आली, हॉर्न वाजवला. एकीचाही कान कधी बघितला नाही.

मॅडमना फोन करून व्हिडिओ काढायला लावला. त्यांनी तासाभरात काढला. पण ग्रुपवरचा कोण काढणार?

१६ फेब्रुवारी

पिंपळवंडीला गेले. पुष्पाला न सांगता. वाटलं होतं, गोरक्ष शिव्या देईल. त्याची माझी तयारी होती, असल्या भावांना मी पुष्कळ बघितलंय.

त्याने खाट झटकून दिली. "बसा ताई. च्या घ्या." मेंढरं त्याने केव्हाच विकली, आता ऊस आणि टोमॅटो. बिबट्याच्या भीतीने गोठ्याला चहूबाजूंनी जाळी मारलीय. मी कायद्याचं सुरू केलं तर त्याने हात वर केला.

"कायदा ऱ्हाऊ द्या. एकच इचारतो. म्या दार कवा लावलं?"

मी पिशवीतून काढलेला कायद्याचा कागद परत आत ठेवला.

"दिवाळीला पुष्पी हितं जेवून गेली. सही लांबवती म्हनून रुसलो व्हतो, बोललो न्हाई, पर ताट वाढलं व्हतं. भाऊबीजंला पाटावर बसलो व्हतो. आन तुमी लिवलं, भावानं दार लावलं. सासुरवाडीतनं फोन येत्यात, गोरक्ष, बहिणीला हाकललं व्हय रं? म्या न केलेलं जगभर झालं."

मी म्हटलं, ते भाषांतरात चुकलं.

"मग आता बरोबर करतो," तो म्हणाला. "आता लावलं दार. सही करू दे, मग उघडतो. सांगा तिला."

आतून म्हातारीचा आवाज आला, "पुष्पी आली का रं?" तुकाबाईला डोळ्यांनी कमी दिसतं. गोरक्ष म्हणाला, "न्हाई गं, दुसऱ्या बाई हायेत." म्हातारी म्हणाली, "मग च्या दे त्यास्नी."

चहा घेतला. फार गोड होता.

२७ फेब्रुवारी

तुकाबाईच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून चौथ्या दिवशी घरी आणलं, डॉक्टर म्हणाले घरीच सेवा करा. पुष्पा काल एसटीने गेली. गोरक्ष उंबऱ्यात उभा राहिला. हात नाही उगारला, ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "आधी कचेरीत चल, मग आईकडं." ही परत फिरली, पण घरी नाही गेली. विहिरीपाशी उन्हं उतरेपर्यंत बसली. आईचा खोकला तिथवर ऐकू येत होता म्हणे.

आज ऑफिसात आली. बसलीच नाही. "ताई, करून टाकू का सही?"

मी तिला धरून बसवलं. म्हटलं, अडवण्याचा त्याला काही हक्क नाही, आपण पोलिसांत अर्ज देऊ. तिने मान हलवली. "पोलीस घिऊन आयच्या खाटंजवळ जाऊ व्हय?" मग मी म्हटलं, सही एकदा केली की परत फिरत नाही. म्हातारी बरी होईल, वारं गेलेली माणसं वर्षानुवर्षं काढतात. तू वीस दिवस थांब, मी परत आले की स्वतः तुला घेऊन जाते, गोरक्षला मी बघते.

"ईस दिस?"

"वीस दिवस."

"बरं," म्हणाली. बरं म्हणताना ती खाली बघते, ते आज माझ्या ध्यानात आलं.

तिच्यासाठी म्हटलं की भाषणासाठी? भाषण मॅडमकडे जाऊन मंजूर झालंय, शेवटचं वाक्य आहे: तिने सही केली नाही. पण मी म्हटलं ते कायद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. अठरा वर्षं मी हाच सल्ला देते आहे. झोप लागत नाही ती प्रवासाच्या काळजीने.

८ मार्च

महिला दिन म्हणून गावात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक मोठा फलक, त्यावर माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो. माझे दोन्ही भाऊ घोडेगावहून आले होते, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. थोरला म्हणाला, आमच्या ताईने नाव काढलं. उद्या विमान.

पुष्पाला फोन केला. उचलला नाही. रत्नाला सांगितलंय लक्ष ठेवायला.

११ मार्च, न्यूयॉर्क

थंडी अशी, की नाक आपलं आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं. गळ्यात फोटोचं ओळखपत्र. तीन तास रांगेत उभं राहून ते मिळालं आणि मी ते झोपतानाही काढलं नाही. खोलीतल्या ओरिसाच्या बाईने हसून पाहिलं, मग बघितलं तर तिच्याही गळ्यात होतं.

इथे एका शब्दावर भांडतात. मसुद्यात 'वारसा' हा शब्द होता, तो कुठल्या तरी सरकारांना नको होता. दोन दिवस वेगवेगळ्या देशांच्या बाया दारादारांत उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्याला गाठत होत्या. मीही उभी राहिले. इंग्रजी एकच वाक्य पाठ केलं होतं, तेवढंच म्हणत होते. आज संध्याकाळी मॅडम धावत आल्या, शब्द राहिला! आम्ही सगळ्या रडलो. मला हे खोटं वाटलं नाही. कुठल्याशा कागदावर एक शब्द टिकावा म्हणून इतक्या अनोळखी बाया रडतात, हे मी डोळ्यांनी बघितलं. आणि तो शब्द पुष्पाचाच आहे.

१३ मार्च

बोलले. सकाळी अकराला, रस्त्यापलीकडच्या एका हॉलमध्ये. माझ्या मंचरी हिंदीत, आणि मॅडम वाक्यावाक्याला इंग्रजी करत गेल्या. नाव-गाव घेतलं नाही. विधवा आहे, मेंढरं राखते, आई आजारी आहे, भावाने अट घातली आहे. सगळं जसंच्या तसं सांगितलं, दार लावल्याचंही, कारण आता ते खरं होतं. आणि शेवटी, तिने सही केली नाही.

मग टाळ्या. लोक उभे राहिले. मी आयुष्यात इतक्या टाळ्या ऐकल्या नाहीत.

नंतर बोलिव्हियाची एक बाई आली, दोन वेण्या, लोकरीची शाल. तिच्या दुभाष्या मुलीने सांगितलं, आमच्याकडेही भाऊ असाच कागद आणतात. मला तिने घट्ट धरलं, अंगाला चक्क मेंढराचा वास. मग तिने काही विचारलं. मॅडम म्हणाल्या, ती विचारते आहे, तुम्हीही सही केली नसेल ना?

मी मान हलवली. कशीही समजून घ्यावी अशी हलवली. तिने तिला हवी तशी समजून घेतली आणि माझ्या गालाला गाल लावला.

१५ मार्च

रत्नाचा मेसेज. तुकाबाई गेल्या. तेरा तारखेला. मी लगेच फोन लावला. विचारलं, पुष्पाला भेट झाली का? रत्ना म्हणाली, "तुमी या आधी. फोनवर नको."

ओरिसावाली म्हणाली, काय झालं? म्हटलं, ओळखीतलं कोणी गेलं.

२१ मार्च, मंचर

काल आले, आज सकाळीच लोणीला गेले. पुष्पा दारात मेथी निवडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलात? लई वाळलात." पाणी दिलं. मग मी न विचारताच तिने सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवते, माझं काही न घालता.

"बाराला सांजच्याला दादाचा फोन आला. रडत व्हता. म्हनला, आय तुझं नाव घेती, डोळं दाराकडं लावून बसलीया. म्हनलं, येऊ का? तर म्हनला, सही करून ये, म्या बोलून बसलोय समद्या भावकीत, आता मागं कसा फिरू? म्हनलं, करते. मग तेराला सकाळी दादाच गाडी घिऊन आला. वाटंत बोललो न्हाई दोघंबी. कचेरीत लई गर्दी, मार्चएंडाची. नंबर लावला. दुपार झाली. दादानं वडापाव आणला, म्या न्हाई खाल्ला, त्यानंबी न्हाई खाल्ला. चार वाजता आत बोलावलं. कॅमेऱ्याकडं बघा म्हनले. फोटू काढला, अंगठा घेतला, सही घेतली. ह्या टायमाला त्वांड दाखवायचं व्हतं."

इथे ती थोडं हसली.

"भायेर आलो आन दादाचा फोन वाजला."

तुकाबाई चारच्या सुमाराला गेल्या. पुष्पा पोचली तेव्हा खाटेवरून खाली घेतलं होतं. तोंडात पाणी घालायचं राहिलं म्हणून तिने घातलं, ते गालावरून खाली आलं. गोरक्ष तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, पुष्पे, म्या तुला अडवायला नको व्हतं. ती म्हणाली, "म्याबी म्हैनाभर उगाच थांबले."

कोणाच्या सांगण्यावरून थांबली, ते ती बोलली नाही. एकदाही नाही.

घरी येऊन मी बोटांवर मोजलं. तिकडे सकाळचे अकरा म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ. मी माईकपुढे उभी होते तेव्हा सही होऊन साडेचार तास झाले होते आणि पिंपळवंडीच्या स्मशानात तुकाबाईंची चिता जळत होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते ते मला राहून राहून आठवतं. मी काय केलं हे! वीस दिवस म्हणाले. वीस दिवस माझे होते, त्या म्हातारीचे नव्हते.

२२ मार्च

आज दहावा होता. मी तयार होऊन एसटी स्टँडपर्यंत गेले आणि परतले. रत्ना जाऊन आली. सांगत होती, गोरक्षने बहिणीला शेजारी बसवलं होतं, नवी साडी घेतली होती. जेवणं झाल्यावर पुष्पाने सगळ्यांबरोबर भांडी घासली. माहेरवाशीण होती अगदी, रत्ना म्हणाली.

३० मार्च

मॅडमचा मेल. परिषदेवर पुस्तिका निघते आहे, पाच भाषांत. आपल्या उदाहरणाला पूर्ण पान मिळालंय. मथळा, 'तिने सही केली नाही'. आत एक चित्रही काढून घेतलंय, पाठमोरी बाई आणि मेंढी, कान मात्र मोघम ठेवलेत. दोन दिवसांत संमती कळवा.

मी दुपारभर बसून उत्तर लिहिलं. खरं काय ते सगळं लिहिलं. की तिने सही केली, केव्हा केली, का केली. दार लावल्याचं आधी खोटं होतं, आपण लिहिल्यावर खरं झालं, हेही. सल्ला देणाऱ्या बाईने स्वतः काय केलं होतं, तेही लिहिलं. आमच्या यांना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, पाठव. पण मला वाटलं, आधी पुष्पाला विचारावं. याआधी मी तिला एकदा तरी नीट विचारलं असतं, तर बरं झालं असतं.

१ एप्रिल

लोणी. ऊन मी म्हणत होतं. पुष्पा बाभळीखाली मेंढरं बसवून होती. मी शेजारी बसले आणि आधी तेच सांगितलं, की मीही सही केली होती, चौदा वर्षांपूर्वी, आणि तुझ्यापासून लपवलं. तिला काही धक्का बसला नाही. म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. तुमचं म्हायेर लई चांगलं हाय, तुमी दर म्हैन्याला जाता."

मग कागद वाचून दाखवला. हळूहळू वाचला. वीस दिवसांच्या ओळीवर मी अडले, तेव्हा ती म्हणाली, "वाचा, वाचा." शेवटपर्यंत वाचला. म्हटलं, हे पाठवलं की पुस्तिकेतलं तुझं ते पान काढून टाकतील. खरं ते तिथे जाईल. तू सांग.

तिने जवळच्या मेंढीच्या कानामागे खाजवलं.

"त्या बाया उभ्या ऱ्हायल्या व्हत्या म्हनता?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

"किती लांब हाय ते?"

मी सांगितलं, विमानाने जवळजवळ एक दिवस लागतो.

"मग तिथं ऱ्हाऊ द्या ताई," ती म्हणाली. "हितं सही झाली माझी, आयबी गेली. हितलं समदं झालं. तिथं तरी म्या सही न्हाई केली, असं ऱ्हाऊ द्या."